वेक्टर आरेखन आणि मराठी मुद्रणव्यवहार : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या काळातील वत्सगुल्म. या नगरीत १९३९ मध्ये वाकाटक नृपती विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उपलब्ध झाला. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील, अंशतः संस्कृत व अंशतः प्राकृत भाषेत कोरलेला हा दानलेख सुमारे सोळाशे वर्षांनंतरही विद्वानांना अक्षरशः वाचता आला. म. म. वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात त्याचा समावेश आहे. याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादुर हिरालाल यांनी १९२६ मध्ये नागपूर येथून प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या हस्तलिखित सूचीत केली. त्या नोंदींमुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मोलाची सामग्री मिळाली, हे सर्वश्रुत आहे.

ताम्रपट आणि पोथी यांचे वाचन शक्य झाले, याचे कारण त्यांतील अक्षर हे अक्षर म्हणूनच लिहिले गेले होते. याउलट, २००० च्या आगेमागे संगणकावर तयार झालेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, हस्तपत्रके, मानपत्रे आणि फलक यांच्या मूळ फाइली आज उघडल्या तर वेगळीच अवस्था दिसते. पडद्यावर मराठी मजकूर सुबकपणे उमटतो. परंतु त्यातील एकही शब्द संगणकाला शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, अन्यत्र उचलून नेता येत नाही. तो मजकूर नसून मजकुराचे चित्र असते. हे कसे घडले, ते कोणत्या तांत्रिक व सामाजिक कारणांनी घडले आणि जिल्ह्याच्या लिखित इतिहासावर त्याचा काय परिणाम होतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

वेक्टर आरेखनाचे स्वरूप

संगणकावरील चित्र दोन प्रकारांनी साठविता येते. पहिल्या प्रकारात चित्राची विभागणी सूक्ष्म ठिपक्यांत केली जाते व प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदविला जातो. छायाचित्र हे याचे परिचित उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात ठिपके नोंदविले जात नाहीत. रेषा कोठून निघते, कोठे पोहोचते आणि वाटेत कशी वळते एवढेच गणिती रूपात नोंदविले जाते. यास वेक्टर किंवा सदिश आरेखन म्हणतात. वक्ररेषेची दोन टोके आणि तिला आपल्याकडे ओढणारे दोन नियंत्रणबिंदू अशा चार बिंदूंवरून संपूर्ण वळण सिद्ध होते. टोकाच्या बिंदूंना व्यवहारात ‘नोड’ म्हणतात. नोड सरकविला की आकार बदलतो. नवा नोड घातला की नवे वळण देता येते.

या गणिताचा उगम मुद्रणात नसून मोटारनिर्मितीत आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि त्यानंतर रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याची वळणे अचूक मांडण्यासाठी ही पद्धती विकसित केली. १९६३ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथे आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीद्वारे पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून ती संपादित करण्याचे प्रात्यक्षिक सिद्ध केले. पुढे अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आणि १९८५ मधील अ‍ॅपलचा लेसर प्रिंटर यांमुळे वक्ररेषांचे हे गणित थेट छापखान्यात पोहोचले. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर व १९८९ मध्ये कॅनडातील कोरल कंपनीचे कोरलड्रॉ बाजारात आले. विंडोज प्रणालीवर चालणारे असल्यामुळे कोरलड्रॉ भारतातील लहान व्यावसायिकांच्या आवाक्यात आले. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी आजही ‘कोरल’ हा शब्द कंपनीचे नाव म्हणून नव्हे, तर एका कामाचे नाव म्हणून वापरला जातो.

पूर्वपीठिका : शिळाछाप आणि खिळे

अक्षर हे चित्र म्हणून छापावे की सुट्या घटकांच्या जुळणीतून छापावे, हा प्रश्न मराठी मुद्रणाला नवा नाही. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. तथापि मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाछापात लेखकाच्या हातचे वळण जसेच्या तसे दगडावर उतरते. काना, वेलांटी, जोडाक्षर यांची जुळणी करण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. कारण संपूर्ण पान हेच एक चित्र असते. मात्र एक शब्द चुकला तर तो सहजी बदलता येत नाही, आणि त्या पानातील अक्षरे दुसऱ्या पानासाठी पुन्हा वापरता येत नाहीत.

पुढे गणपत कृष्णाजींनी स्वतः खिळे पाडून टाइपाने छपाई सुरू केली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपाला जे सौष्ठव दिले, ते दीर्घकाळ आदर्श मानले गेले. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रणाचा प्रवास चित्राकडून घटकांकडे झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रवास उलट दिशेने झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. खिळे गेले आणि त्यांच्या जागी जे आले, ते वरवर पाहता टाइप होते. व्यवहारात मात्र ते नव्या काळातील शिळाछापच ठरले.

वाशिम जिल्हा आणि संगणकीय अक्षरजुळणी

ब्रिटिश अमदानीतील बासीम जिल्हा १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला. त्यानंतर ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. ही घटना कालदृष्ट्या महत्त्वाची आहे. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, त्यांच्या पाट्या, अर्जांचे नमुने, निमंत्रणपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि निवडणुकीची पत्रके. हे सर्व छापील साहित्य नेमके त्याच वर्षांत आवश्यक झाले, ज्या वर्षांत महाराष्ट्रातील निमशहरी छापखाने खिळे व ट्रेडल यंत्र मागे टाकून संगणकाकडे वळत होते. त्यामुळे जिल्ह्याच्या पुनर्जन्मानंतरच्या पहिल्या दशकातील लौकिक दस्तऐवज हे बव्हंशी वेक्टर आरेखनाच्या काळातील दस्तऐवज आहेत.

लहान गावात ठिपक्यांच्या चित्रापेक्षा वेक्टर आरेखन का रुजले, याचे उत्तर साध्या हिशेबात सापडते. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात साठविले तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. चार रंगांच्या छपाईसाठी त्याला जवळजवळ ३५ मेगाबाइट जागा लागते. त्या काळातील फ्लॉपीची क्षमता १.४४ मेगाबाइट होती. वक्ररेषांत मांडलेली संपूर्ण लग्नपत्रिका मात्र एका फ्लॉपीत सहज मावत असे. ती फ्लॉपी खिशात घालून ऑफसेट छपाईसाठी मोठ्या शहरात नेता येई. शिवाय वक्ररेषेला आकाराचे बंधन नसते. पत्रिकेवरील गणपती त्याच रेषांनी वीस फुटी फलकावर उभा करता येतो आणि त्याची कडा तुटत नाही. पुढे फ्लेक्सची छपाई आली, तेव्हा या गुणाचे महत्त्व कैक पटींनी वाढले.

दुचाकीच्या क्रमांकपट्टीवर किंवा दुकानाच्या काचेवर चिकटवायच्या रेडियमच्या अक्षरांचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे शाई नसतेच. यंत्रातील पाते वेक्टर रेषेच्या मार्गाने फिरते आणि अक्षर कापून काढते. ब्रशने पाट्या रंगविणाऱ्या पेंटरचे मनगट जे वळण घेत असे, ते आता नोडच्या जागेवरून ठरू लागले. पेंटरांपैकी काहींनी माउस हाती घेतला. अनेकांचा व्यवसाय मात्र याच काळात बसला, ही गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे.

देवनागरीची अडचण

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही भाषेचा असू शकला असता. मराठीचा विशेष प्रश्न अक्षरापाशी सुरू होतो. विंडोज ३.१ बरोबर १९९२ मध्ये प्रचारात आलेल्या ट्रूटाइप फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर हे वक्ररेषांचे वेक्टर चित्रच असते. परंतु त्या काळातील फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जास्तीत जास्त २५६ घरे होती व त्यांतील सर्व वापरता येत नसत. रोमन लिपीला एवढी घरे पुरतात. देवनागरीतील व्यंजने, स्वरचिन्हे, रफार आणि जोडाक्षरे यांना ती अपुरी पडतात. म्हणून मराठी फॉन्टकारांनी खिळ्यांच्या काळातील युक्ती पुन्हा अवलंबिली. अक्षराचे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या घरांत बसविण्यात आले. अर्धा ‘ग’ व काना जोडून पूर्ण ‘ग’ सिद्ध होऊ लागला.

परिणाम असा झाला की संगणकात उच्चाराचा क्रम न साठता आकारांचा क्रम साठू लागला. या जिल्ह्याचेच नाव घेऊ. ‘वाशिम’ या शब्दात ‘श’ नंतर इकार उच्चारला जातो; परंतु ऱ्हस्व वेलांटी ‘श’ च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी साठविली जाई. फॉन्ट बदलला की जिल्ह्याचे नाव रोमन अक्षरे व चिन्हांच्या निरर्थक ओळीत रूपांतरित होई. प्रत्येक फॉन्टसंचातील घरांची मांडणी निराळी असल्यामुळे एका संचातील मजकूर दुसऱ्या संचात वाचता येत नसे.

यावर उपाय उपलब्ध नव्हता असे नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपींचे संगणकीकरण हाती घेतले होते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जात. परंतु विंडोजवरील आरेखनाच्या आज्ञावलींना ही प्रणाली उमगत नव्हती. त्यांना कळत होती ती फक्त २५६ घरे. त्यामुळे भाषेसाठी एक मानक आणि छपाईसाठी फॉन्टागणिक निराळा संकेत असे द्वैत निर्माण झाले. आणि छापखान्यात अर्थातच छपाईचा संकेत टिकला.

‘कर्व्ह करून पाठवा’

या पार्श्वभूमीवर एका साध्या आज्ञेला मराठी मुद्रणव्यवहारात मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल व क्यू या कळा दाबल्या की अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर होते. फॉन्टशी असलेला त्यांचा संबंध तुटतो व उरतो तो निव्वळ आकार. ज्या मोठ्या छापखान्यात काम पाठवायचे तेथे तोच फॉन्टसंच असेल याची शाश्वती नसे. अनेक मराठी फॉन्टसंच संगणकाला जोडावयाच्या कुलुपासह विकले जात, त्यामुळे ते सर्वत्र उपलब्ध नसत. अशा वेळी ‘कर्व्ह करून पाठवा’ ही सूचना डीटीपी ऑपरेटरला मिळत असे आणि तो ती निमूटपणे पाळत असे. वधूवरांच्या नावातील एक वेलांटी जरी बदलली तरी हजार पत्रिका वाया जाणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. कर्व्ह करणे ही त्याच्या दृष्टीने अचूकतेची हमी होती.

या रूपांतरातही देवनागरीने आपले वेगळेपण दाखविले. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून फॉन्टकार प्रत्येक अक्षराची शिरोरेषा किंचित लांब ठेवतात, जेणेकरून शेजारच्या दोन रेषा एकमेकींवर चढतात. मजकूर असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. वक्ररेषा झाल्यावर मात्र हे चढलेले भाग उघडे पडतात. सर्व आकार ‘कम्बाइन’ केले तर रेषा जेथे एकमेकींवर येतात तेथे पांढरी भोके पडतात. आणि रेडियम कापताना पाते त्या सांध्यांवरून फिरून शिरोरेषेचे तुकडे करते. म्हणून ऑपरेटर प्रत्येक शब्द ‘वेल्ड’ करीत, म्हणजे सर्व आकार एकजीव करून बाहेरची कडा तेवढी शिल्लक ठेवीत. सुटी अक्षरे असलेल्या रोमन लिपीसाठी सामान्यतः न लागणारी ही पायरी मराठीसाठी नित्याची ठरली. कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना, गुरूशेजारी बसून शिकलेले हे कौशल्य होय.

परंतु वेल्ड केलेल्या शब्दात अक्षरे मोजण्याचीही सोय उरत नाही. संपूर्ण शब्द एकाच आकारात विलीन होतो. तुकड्यांतून अक्षर, अक्षरातून आकार आणि आकारातून एकजीव कडा अशा तीन पायऱ्यांनी मजकुराची भाषा संपुष्टात आली.

युनिकोडचे आगमन आणि उरलेला प्रश्न

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश आहे. विंडोज २००० प्रणालीत देवनागरीची सोय झाली व तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. त्याचे संकल्पक र. कृ. जोशी हे मराठी कवी व सुलेखनकार होते, ही अभिमानाची बाब आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित केली व देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ या मराठी वळणांना मान्यता दिली. आरेखनाच्या क्षेत्रात मात्र बदल सावकाश झाला. कोरलड्रॉमध्ये ओपनटाइप फॉन्टची प्रगत सोय २०१२ मधील एक्स-६ आवृत्तीत आली. म्हणजे कार्यालयीन पत्रव्यवहार युनिकोडकडे वळू लागल्यानंतरही पत्रिका आणि फलक जुन्याच फॉन्टांत घडत राहिले. जुने फॉन्ट ऑपरेटरच्या हाताला सरावाचे होते व त्यांत वळणांचे वैविध्य अधिक होते, हेही त्याचे एक कारण होय.

हानीचे स्वरूप नेमके समजून घेणे येथे आवश्यक आहे. राजकीय इतिहासाची साधने गॅझेटिअर, दप्तरे व वृत्तपत्रे यांत सुरक्षित राहतात. परंतु गावाचा सामाजिक इतिहास लग्नपत्रिकेतील आप्तांच्या नामावळीत, शाळेच्या स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत, पोहरादेवीच्या यात्रेच्या पत्रकात, सहकारी संस्थेच्या अहवालात असतो. आडनावे, गावांची जुनी नावे, मानापमानाचे क्रम, कोणत्या वर्षी कोणाचे नाव प्रथमच ‘निमंत्रक’ म्हणून छापले गेले, या गोष्टी अन्यत्र सापडत नाहीत. छापील प्रती बहुधा रद्दीत जातात. मूळ फाइल टिकली तरी तिच्यात नाव शोधता येत नाही.

याचा दोष ऑपरेटरच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्याच्यापुढे दोन पर्याय होते : मजकूर जपावा आणि छपाईत अक्षर बिघडण्याची जोखीम घ्यावी, अथवा अक्षर जपावे आणि मजकूर सोडून द्यावा. ग्राहकाला पत्रिका हवी होती, अभिलेख नव्हे. आपल्या लिपीला न ओळखणाऱ्या साधनातून त्याने शुद्ध व देखणे मराठी अक्षर छापून घेतले, हे त्याचे श्रेय इतिहासाने मान्य केले पाहिजे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, निमशहरी महाराष्ट्रात वेक्टर आरेखन चित्रकलेचे साधन म्हणून आले त्याहून अधिक प्रमाणात अक्षराचे साधन म्हणून रुजले. दुसरा असा की, अक्षराचा आकार अबाधित राखण्यासाठी मजकुराचा त्याग करण्याची रीत ही तांत्रिक अपरिहार्यतेतून निर्माण झाली आणि अपरिहार्यता संपल्यावरही सवयीने टिकली. तिसरा निष्कर्ष असा की, १९९८ नंतरच्या वाशिम जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाची बरीचशी साधने अशा मूक फाइलींत अडकलेली आहेत.

या फाइली कायमच्या गेल्या असे मात्र नाही. २०१२ पासून लिबरऑफिस या मुक्त आज्ञावलीत कोरलड्रॉच्या अनेक फाइली उघडता येतात. वक्ररेषांचे चित्र करून त्यावरून मराठी अक्षरे ओळखणारी साधनेही आता उपलब्ध आहेत. त्यांचे वाचन निर्दोष नसले तरी प्राथमिक सूचीसाठी पुरेसे ठरू शकते. कर्व्ह न केलेली प्रत शिल्लक असल्यास फॉन्टचे नाव नोंदवून तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे त्याहून सुलभ आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील जुन्या डीटीपी केंद्रांकडे जाऊन, खाजगी माहितीचा मान राखून, निदान संस्थांची स्मरणिका, अहवाल व पत्रके यांच्या फाइली जमा करण्याचे काम हाती घ्यावे. नव्या कामाच्या बाबतीत छपाईसाठी कर्व्ह केलेली व संग्रहासाठी मजकुराची अशा दोन प्रती ठेवण्याचा नियम पाळला तरी पुष्कळ साधेल.

वत्सगुल्माच्या ताम्रपटावर कोरणाऱ्याने एका दानाची नोंद केली. सोळा शतकांनंतर ती वाचता आली, कारण त्याने कोरलेल्या रेषेत आकाराबरोबर भाषाही होती. आपल्या काळातील रेषेतून ती भाषा निसटली आहे. ज्यांनी त्या रेषा ओढल्या ते ऑपरेटर आज आपल्यात आहेत आणि कोणत्या फाइलीत काय लिहिले होते हे त्यांना अजून आठवते. त्यांची ही आठवण हेच या काळाचे सर्वांत निकडीचे ऐतिहासिक साधन होय.